फ्लॅटच्या सजावटीत देऊळ आणायचं तर नेमकं काय आणायचं?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात रंकाळ्याच्या बाजूला पाचव्या मजल्यावर टू बीएचके घेतलाय. ताबा मिळाला, आता आतलं काम सुरू करायचंय. नवऱ्याच्या आणि माझ्या मनात एक गोष्ट पक्की आहे, या घराला आपल्याकडच्या देवळांचा गुण यायला हवा. आम्ही दोघंही इथलेच. अंबाबाईचं देऊळ, जोतिबाचा डोंगर, खिद्रापूर, सगळं लहानपणापासून पायाखालचं. सासूबाई दर शुक्रवारी अंबाबाईला जातात आणि दर्शन झाल्यावर पायरीवर टेकल्याशिवाय घरी येत नाहीत.

डिझायनरने थ्रीडी चित्रं पाठवली. टीव्हीच्या वर एमडीएफचं शिखर, दोन बाजूंना सोनेरी लॅमिनेटचे खांब, मागून एलईडीने उजळलेला ॐ, छताला पीओपीचं कमळ आणि पॅसेजमध्ये सीएनसीने कापलेली जाळी. नवरा म्हणाला, हे लग्नाच्या स्टेजसारखं दिसतंय. मलाही तेच वाटलं, पण त्याऐवजी काय हवं ते सांगता येईना.

प्रश्न असे:
हॉलमध्ये काळ्या दगडाची जाड फरशी घालता येईल का?
एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे देवळातून निघालेले दोन दगडी खांब आणि एक कीर्तिमुख (दगडात कोरलेलं उग्र मुख) आहे. घ्यावेत का?
देवघर स्वयंपाकघरात की पॅसेजच्या टोकाला? तिथे तीन फूट रुंद, दोन फूट खोल जागा आहे.
हॉल आणि देवघर मिळून चार लाखांपर्यंत खर्च करायची तयारी आहे.

गोदाकाठ

टीव्हीच्या वर शिखर अजिबात नको. शिखर गाभाऱ्यावर असतं, त्याच्या बरोबर खाली मूर्ती असते. तुमच्याकडे त्या जागी बातम्या लागणार.

रानजाई

सीएनसी जाळीबद्दल अनुभवाचं सांगते. आमच्या देवघराला आहे. देवघर स्वयंपाकघरात, गॅसपासून चार-पाच फुटांवर. फोडणीचा तेलकट धूर आणि उदबत्तीची काजळी जाळीच्या प्रत्येक कमळाच्या पाकळीत जाऊन बसते. जुन्या टूथब्रशने घासावी लागते आणि एमडीएफला पाणी लागलं की कडा फुगतात. जाळी करायचीच तर सागवानाची, मोठ्या भोकांची, आणि काढून धुता येईल अशी करा.

काळा_पाषाण

मी स्थापत्य अभियंता आहे, देवळं बघत हिंडणं हा छंद. जरा लांब लिहितोय.

शेवंती, तुम्ही खिद्रापूरचं नाव घेतलंत म्हणून तिथूनच सुरुवात करतो. कोपेश्वराला आपण आधी स्वर्गमंडपात शिरतो. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधलं छत गोल उघडं. त्या गोलाच्या बरोबर खाली गोल शिळा, तिच्यावर उभं राहिलं की डोक्यावर थेट आकाश. तिथून पुढे सभामंडप, तिथे उजेड अर्ध्यावर येतो. मग अंतराळ, म्हणजे सभामंडप आणि गाभारा यांच्यामधली जागा, आणखी अंधार. मग गाभारा, तिथे फक्त समई. बाहेर दुपारचं ऊन असलं तरी आत पोचेपर्यंत डोळे निवलेले असतात आणि आवाज आपोआप खाली आलेला असतो. कोणी 'शांतता राखा' अशी पाटी लावलेली नसते.

देवळात गेल्यावर जे वाटतं ते मुख्यतः या क्रमाने वाटतं. नक्षी त्याच्यावरची भर आहे, आणि फार सुंदर भर आहे. पण क्रम सोडून नुसती नक्षी घरी आणली की डिझायनरने दाखवली तशी चित्रं तयार होतात.

फ्लॅटमध्ये क्रम आणणं महाग नाही. हॉल तुमचा सभामंडप, तो उजळ ठेवा. पॅसेज म्हणजे अंतराळ. तिथलं फॉल्स सीलिंग हॉलपेक्षा सहा-आठ इंच खाली घ्या आणि छतातले दिवे काढून टाका. भिंतीत खालच्या उंचीवर एखादा पिवळट दिवा, २७०० केल्विनचा. पॅसेजच्या टोकाची तीन बाय दोनची जागा हा तुमचा गाभारा. देवघर तिथेच करा. स्वयंपाकघरात केलं तर हा सगळा क्रम हातचा जाईल.

आता दगड. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, घनमीटरला साधारण २.९ टन. दोन इंची फरशी घातली तर चौरस मीटरला जवळजवळ १४५ किलो. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीचा स्लॅब माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरून काढतात, फरशीचं वजन वेगळं धरलेलं असतं पण इतकं नाही. शिवाय फरशीखालच्या मसाल्याच्या थराचं वजन वेगळंच. तेव्हा दोन इंची नको. २० मिलिमीटरची फरशी साठ किलोच्या आत बसते, ती चालेल, पण आधीची टाइल काढून. टाइलवर टाइल असा प्रकार दगडाच्या बाबतीत करू नका.

खांबांचंही गणित करून बघितलं. नऊ इंच चौरस, सात फूट उंच दगडी खांब सव्वातीनशे किलोचा होतो, आणि ते सगळं वजन अर्ध्या चौरस फुटाच्या जागेवर. बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय असलं काही उभं करायचं नाही.

दगडूअण्णा

खांबाचं वजन राहू द्या, तो लिफ्टमधनं वर न्यायचा कसा ते बघा आधी. सोसायटीचा सेक्रेटरी खांबाला धरून बसेल.

वेशीवरचा

खांब आणि कीर्तिमुखाबद्दल गंभीरपणे बोलायला हवं.

१९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनं दगडी शिल्प, कोरीव स्थापत्यभाग हे पुरावशेष ठरतात. त्यांच्या व्यवहाराला परवाना लागतो आणि अशा शिल्पांची नोंदणी करावी लागते. व्यापाऱ्याकडे परवाना आणि वस्तूची नोंद दोन्ही मागा. कागद नसेल तर तिथून निघून या.

आणि कागद असला तरी एक सांगतो. 'देवळातून निघालेलं' म्हणजे कुठल्या देवळातून? कोणी काढलं? जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुनी मंदिरं पाडून सिमेंटची बांधतात आणि कोरलेले दगड ओढ्याच्या काठाला पडून राहतात. आमच्या शिवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा, बांधाला लावलेले आहेत. अर्धे अजून तिथे आहेत, उरलेले कुणाच्या तरी फार्महाऊसवर असतील. गिऱ्हाईक आहे म्हणून दगड हलतो. ज्या गावाच्या देवळाचं ते कीर्तिमुख आहे, त्या गावाला ते उंबरठ्यावर परत हवं असेल.

शेवंती

@वेशीवरचा, व्यापाऱ्याला फोन करून विचारलं. कुठून आलं ते सांगायला तयार नाही, कागदाचं नाव काढल्यावर 'ताई, एवढं कोण बघतंय' म्हणाला. विषय संपला. खांब घेत नाही.

@काळा_पाषाण, तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. पॅसेजचं पटलं. पण मग हॉलमध्ये काहीच नको का? नुसता रिकामा उजळ हॉल?

ओवरी

हॉलमध्ये नंदी ठेवा ना, पितळेचा. छान मिळतात.

दगडूअण्णा

नंदी ठेवायचा तर समोर महादेव पाहिजे, नाहीतर तो बघणार कुणाकडं? टीव्हीकडं?

काळा_पाषाण

अवांतर, पण शेवंतीताईंच्या गावाकडचंच आहे. खुद्द खिद्रापूरच्या कोपेश्वराला नंदी नाही. तो कर्नाटकात यडूरला आहे असं मानतात, आणि त्यामागे दक्षयज्ञाची कथा सांगतात. सती नंदीवर बसून माहेरी गेली, तो तिकडेच राहिला. चिडलेला, कोपलेला शंकर इकडे, म्हणून कोपेश्वर. त्याला शांत करायला विष्णू आला, म्हणून गाभाऱ्यात शंकराबरोबर धोपेश्वर हे विष्णूचं लिंग. म्हणजे एका वस्तूची जागा रिकामी राहिली तरी देऊळ अपुरं वाटत नाही. ओवरी, हे तुम्हाला खोडून काढायला लिहिलेलं नाही, पितळी नंदी मलाही आवडतो.

आडवाट

सगळे 'कसं करावं' सांगताहेत. मला विचारायचंय, का करावं?

देऊळ ही सार्वजनिक जागा आहे असं आपण म्हणतो, पण ती सगळ्यांसाठी कधी होती? २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, पुढे तो वर्षानुवर्षं चालला, आणि दार उघडलं नाही. पंढरपूरच्या विठोबासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. ज्या चौकटीबाहेर माझ्या आजोबांना उभं केलं गेलं, तिची नक्कल मी माझ्या हॉलमध्ये लावणार नाही. तुम्ही जरूर लावा, तुमचं घर आहे. पण 'आपली मंदिर संस्कृती' म्हणताना त्या चौकटीला दुसरीही बाजू आहे हे लक्षात असू द्या.

मधुमालती

@आडवाट, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आमच्या घरात वारी आहे. विठोबाच्या महाद्वारात पहिली पायरी नामदेवांची, तिच्यावर पाय देत नाहीत, आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. जिवंतपणी ज्याला आत येऊ दिलं नाही, त्याला नमस्कार करून मगच आत जायचं. वारकरी हे दरवर्षी करतात. पण नमस्कार केला म्हणून जे झालं ते पुसलं जात नाही, हेही तितकंच खरं.

ओवरी

विषयाला फाटे फुटताहेत. सजावटीचा धागा आहे, इथे राजकारण कशाला?

गोदाकाठ

@ओवरी, मी नाशिकचा आहे. काळारामाच्या दगडाचं आणि सभामंडपाचं कौतुक करायचं आणि १९३० चं नाव काढायचं नाही, असं आम्हाला जमत नाही. दोन्ही त्याच दरवाज्याशी घडलेलं आहे. आडवाट यांनी धाग्याला धरूनच लिहिलंय.

शेवंती

@आडवाट, वाचून मी बराच वेळ थांबले. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आपल्या दारात कुणाला थांबवायचं नाही एवढं आपल्या हातात आहे. देवघराला आम्ही दार करणार होतो, ते आता करत नाही. उघडंच ठेवतो. ज्याला हात जोडायचेत त्याने जोडावेत, कामाला येणाऱ्या मावशींनीही.

आडवाट

हे आवडलं. मनापासून.

उंबराचं_झाड

उंबरठ्याचा विषय निघालाच आहे तर एक व्यवहाराची गोष्ट. देवळातल्यासारखा उंच उंबरठा घरात करू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सत्तरी ओलांडलेली माणसं घरात कुठे अडखळतात ते रोज ऐकते. उंबरठा, गालिच्याची कड आणि बाथरूमचं पाऊल. पॅसेज सुरू होतो तिथे फरशीच्या पातळीतच काळ्या दगडाची चार इंची पट्टी बसवा, दोन्ही कडांना पितळेची बारीक सळई. पायाला गार लागते, डोळ्याला दिसते, आणि ठेच लागत नाही. रांगोळीही तिच्यावर छान उठते.

कोकणकडा

सगळे दगडाबद्दल बोलताहेत म्हणून आमच्या कोकणातलं सांगतो. आमच्याकडे देऊळ म्हणजे जांभ्याचं जोतं, कौलारू छप्पर, लाकडी खांब, आणि सभामंडपाला सभोवार बसायला कट्टा. त्या कट्ट्यावर गावाचं सगळं चालतं. शिमग्याची पालखी कुठल्या वाडीत कधी जाणार, कुणाचं भांडण मिटवायचं, गाऱ्हाणं घालायचं. देव गाभाऱ्यात आणि गाव कट्ट्यावर. आमच्या चाकरमान्यांना मुंबईत देवळाची आठवण येते ती बहुतेक त्या कट्ट्याची.

तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत की सासूबाई दर्शनानंतर पायरीवर टेकतात. हॉलमध्ये काय करायचं याचं उत्तर मला तिथेच दिसतंय. दाराजवळ किंवा खिडकीखाली भिंतीला धरून कट्टा करा. सोफा एक छोटा घ्या. आलेला माणूस कट्ट्यावर बसला की आपसूक पाय सोडून बसतो.

आणि भिंतीला चित्र हवं असेल तर छापील देव लावण्यापेक्षा पिंगुळीची चित्रकथी बघा. कुडाळजवळ पिंगुळीत ठाकर समाजातली मंडळी ती परंपरा सांभाळून आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. रामायण-महाभारतातले प्रसंग, ठसठशीत डोळे, आणि मूळची ती देवळातल्या रात्रीच्या गोष्टींचीच चित्रं.

काळा_पाषाण

कट्टा उत्तम. मापं देतो. उंची सतरा-अठरा इंच, खोली पंधरा-सोळा. खाली हलक्या एएसी ब्लॉकच्या दोन-तीन आडव्या भिंती, वर २५ मिलिमीटरचा काळा दगड, पुढची कड गोल घोटून घ्या, धारदार ठेवू नका. ब्लॉकच्या मधल्या खणात चपला. काळा पाषाण पॉलिश करू नका, नुसता घोटलेला ठेवा. हाताचं, पायाचं तेल लागून काही वर्षांत तो स्वतःच चकाकायला लागतो. देवळाच्या खांबांवर माणसाच्या खांद्याच्या उंचीला जी झळाळी असते ना, ती अशीच आलेली असते.

शेवंती, हॉलमध्ये बिल्डिंगचा आरसीसी खांब भिंतीतून पुढे आलाय का?

शेवंती

हो! कोपऱ्याजवळ चार-पाच इंच पुढे आलाय. डिझायनर तो कपाटात लपवायचं म्हणतोय.

काळा_पाषाण

लपवू नका. तुमच्या घरात खरोखर भार उचलणारा खांब तोच आहे. सोनेरी लॅमिनेटचे दोन खांब काहीच उचलत नाहीत, म्हणून ते खोटे वाटतात. या खांबाला खालून कट्ट्याच्या उंचीपर्यंत तोच काळा दगड लावा, वर साधा चुन्यासारखा पांढरा. कट्टा त्याला येऊन भिडू द्या. बास. मात्र त्याला खिळे, ड्रिल काही मारायचं नाही, दगड चिकटवूनच बसवायचा. अठरा इंच उंचीपर्यंत ते सुरक्षित आहे.

कापूरआरती

रंगाचं कोणी बोललंच नाही. जोतिबा जवळ आहे, एक भिंत गुलालाच्या रंगाची करा. चांगभलं!

मधुमालती

@कापूरआरती, गुलालाची आख्खी भिंत रोज डोळ्यासमोर जड होईल असं वाटतं. चैत्र यात्रेत गुलाल उधळलेला असतो म्हणून तो सुंदर. वर्षभर दगडाच्या खाचांतून थोडा थोडा दिसतो, तेवढाच बरा. देवघराजवळ दिवळी, म्हणजे दिवा ठेवायचा कोनाडा, केलीत तर तिच्या आतल्या बाजूला तो रंग द्या, समईच्या उजेडात उठून दिसेल.

आणखी एक. खेड्यातल्या देवळांना बाहेरून पांढरा चुना आणि खाली कावेचा तांबडा पट्टा असतो. फरशीपासून हातभर उंच पट्टा कावेच्या रंगाचा आणि वर पांढरा, असं पॅसेजला करून बघा. मुलांचे हात आणि झाडूचे डाग पट्ट्यातच मिटतात.

रंगारी_नाक्यावरचा

चुना द्यायचा विचार असेल तर वेळीच सांगतो. नव्या फ्लॅटच्या भिंतीला पुट्टी आणि वर प्लास्टिक पेंट असतो. त्याच्यावर चुना धरत नाही, पापुद्रे निघतात. चुन्याला पाणी पिणारी भिंत लागते. पुट्टी पूर्ण खरवडून खालच्या प्लास्टरवर पातळ हात द्यायचे, एकावर एक, मधे वाळू देत. मजुरी वाढते. सगळ्या घराला करण्यापेक्षा फक्त पॅसेज आणि देवघराची जागा करा. पहिला हात दिल्यावर काहीच केलं नाही असं वाटेल, घाबरू नका. वाळल्यावर उठतं.

ओवरी

देवघर ईशान्येलाच हवं आणि देवाचं तोंड पश्चिमेला किंवा पूर्वेला. पॅसेजचं टोक कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा. नंतर त्रास होतो.

शेवंती

पॅसेजचं टोक पूर्वेला. म्हणजे देवाचं तोंड पश्चिमेला, हॉलच्या बाल्कनीकडे.

वेशीवरचा

मग कसली काळजी? तुमची अंबाबाई स्वतः पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे.

काळा_पाषाण

अरे वा, बाल्कनी पश्चिमेला आणि देवघर तिच्या रेषेत! मग किरणोत्सवाचं बोलायलाच हवं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. दोन वेळा का, तर मावळतीचा सूर्य डिसेंबरच्या २१-२२ तारखेपर्यंत दक्षिणेकडे सरकत जातो आणि मग परत फिरतो. जाताना एकदा आणि येताना एकदा तो त्याच रेषेवर येतो. मोजून बघा, १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत एकेचाळीस दिवस, आणि तिथून १ फेब्रुवारीपर्यंत बेचाळीस. देऊळ बांधणाऱ्यांनी दाराची दिशा आणि लांबलचक वाट अशी राखली की वर्षातून दोनदाच सूर्य आतपर्यंत पोचावा. ढग, धूळ आणि वाटेतली बांधकामं यांनी ही किरणं कधी कधी अडतात, आणि त्याचं दुःख सगळ्या कोल्हापूरला होतं.

तुमच्या घरीही मावळतीचं ऊन पॅसेजमध्ये काही दिवस शिरणारच. कुठल्या दिवसांत आणि किती आत, हे भिंतीवर मास्किंग टेपचे तुकडे लावून बघता येईल. त्या वाटेत उंच कपाट किंवा जाड पडदा ठेवू नका, एवढंच करायचंय.

उंबराचं_झाड

अंगावर काटा आला. फ्लॅटमध्ये हे सुचलंच नसतं.

शेवंती

मी आत्ता उठून बाल्कनीच्या दारात जाऊन आले. डिझायनरने दाखवलेलं शू रॅक बरोबर त्या रेषेत आहे. हलवतेय.

रानजाई

सगळं छान चाललंय, पण दिव्याकडे लक्ष असू द्या. तीन फूट रुंद जागा, वर खाली घेतलेलं जिप्समचं छत, आणि नवरात्रात नऊ दिवस अखंड नंदादीप. काजळी तर धरणारच, पण आगीचीही भीती. समईच्या थेट वर प्लायवूड किंवा लॅमिनेट नको. मागची आणि वरची बाजू दगडाची नाहीतर टाइलची ठेवा. वायरिंग त्या खणातून नेऊ नका. आणि कोणी घरात नसताना समई मोठ्या ताटात ठेवून जा. पांढरा संगमरवर तर देवापुढे बिलकुल नको. तेल, हळद आणि कुंकू आत मुरतं आणि निघत नाही.

तांब्याचं_घंगाळ

पितळेबद्दल दोन ओळी. दुकानात चकचकीत मिळतं त्याच्यावर बऱ्याचदा लॅकरचा थर असतो. शोभेच्या वस्तूला तो चालेल, पण समईला, निरांजनाला नको, ज्योतीच्या उष्णतेने तो पिवळा पडून सुटतो. दिवे बिनलॅकरचे घ्या आणि चिंचेने घासा. आणि लॅकर असलेल्या वस्तूला चिंच लावू नका, डाग पडतात.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजून हाताने मठारलेली तांब्या-पितळेची भांडी बनतात. हातोडीची एकेक खूण दिसते. देवघराच्या वर शिखरच हवं असं मन म्हणत असेल तर एमडीएफऐवजी मठारलेल्या तांब्याचा छोटा घुमट करून घ्या. काजळीची भीती नाही आणि समईचा उजेड त्याच्यावर हलताना दिसतो.

कापूरआरती

घंटेचं काय? घंटेशिवाय देऊळ कसलं!

दगडूअण्णा

आमच्या शेजाऱ्यांनी दारात घंटा लावलीय. गॅस सिलिंडरवाला येतो, बेल सोडून घंटा वाजवतो, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी आरती चुकली म्हणून टाळ घेऊन वर येतात.

गोदाकाठ

घंटेवरून आठवलं. आमच्या नारोशंकराची घंटा आणि वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा, दोन्ही मूळच्या पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर अशा बऱ्याच घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी अजून दिसते. घाटावर कोणी ती पुसायला गेलं नाही, हे मला फार आवडतं.

फ्लॅटमध्ये मात्र हातात धरायची छोटी घंटाच बरी. टांगलेली घंटा आरसीसी इमारतीत वर-खाली सगळीकडे ऐकू जाते.

रानजाई

अजून एक, कट्ट्यावर उशा कसल्या घालणार? खणाच्या उशा फार सुंदर दिसतील.

ओवरी

खण देवीच्या ओटीचा. त्याच्यावर बसायचं?

मधुमालती

@ओवरी, खणाची चोळी आपल्या आज्या रोज घालायच्या. ओटीत भरलेला खण वेगळा, आपण वाराने आणलेला वेगळा. मला उशीला खण चालतो. देवाचं चित्र असलेली उशी आणि पायपुसणं मात्र बाजारात दिसलं तरी त्रास होतो.

ओवरी

हां, हे पटलं. बसायला नको, पाठीला चालेल.

शेवंती

मंडळी, कामाला सुरुवात झालीय, म्हणून कळवते.

डिझायनर बदलला नाही. त्याच्यासमोर हा धागा ठेवला. तो पॅसेजच्या छतावर आणि उजेडावर खूश झाला, म्हणाला असं कोणी मागत नाही म्हणून दाखवत नाही. टीव्हीच्या भिंतीवरचं सगळं रद्द, ती भिंत साधी पांढरी. कट्टा झाला. दगड गडहिंग्लजकडच्या पाथरवटाने घडवलाय, कडा हाताने घोटल्यात. आरसीसी खांब उघडा राहिला आणि कट्टा त्याला टेकलाय. काल दगड बसल्या बसल्या सासूबाई त्याच्यावर बसल्या, मिस्त्री ओरडत होता की अजून ओला आहे म्हणून. पॅसेजला कावेचा पट्टा होतोय, वर चुना. बेडरूममध्ये देवळाचं काहीच नाही, तिथे फक्त झोपायचं. तांब्याच्या घुमटाचं पैशात बसतंय का बघतेय, नाहीतर पुढच्या वर्षी.

एकच अडलंय. देवघराच्या बाजूच्या भिंतीत समईसाठी दिवळी करायचीय. भिंत चारच इंची आहे. खोदता येईल का?

काळा_पाषाण

चार इंची भिंत खोदू नका, पलीकडून उजेड दिसेल. भिंतीच्या पुढे पाच-सहा इंच ब्लॉकचा जोड घ्या आणि दिवळी त्यात ठेवा. आतून रुंदी नऊ इंच, उंची पंधरा, वरून महिरप. तळाचा दगड बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, म्हणजे सांडलेलं तेल आत साचत नाही. समई त्यात मावणार नाही, पणती किंवा छोटा दिवा ठेवा. समई खाली जमिनीवर.

रंगारी_नाक्यावरचा

दिवळीच्या आत गुलाली रंग देणार असाल तर चुन्यातच रंग कालवून द्या, वरून ऑइल पेंट नको. दिव्याने पोपडे येतात.

शेवंती

नोंद केली. मिस्त्री उद्या येतोय, दोघांचंही त्याला दाखवते. महिरपीची उंची पंधरा इंचांत धरलीय का त्याच्या वर?

काळा_पाषाण

पंधरात धरून. अकरा इंच सरळ, वर चार महिरपीचे.